कमी वेळात पुढचे विमान गाठताना: आंतरराष्ट्रीय कनेक्टिंग फ्लाइटची सविस्तर तयारी

मुंबईहून शिकागोला किंवा नागपूरहून टोरंटोला जाणारा प्रवासी तिकीट काढताना बहुधा दोनच गोष्टी पाहतो: भाडे किती आणि एकूण प्रवास किती तासांचा. मधल्या विमानतळावर एक तास वीस मिनिटे मिळणार आहेत, हे संकेतस्थळावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते, आणि एवढ्या वेळात पुढचे विमान मिळेल का, हा प्रश्न मनात येतो तो सामान बांधून झाल्यावर, निघण्याच्या आदल्या रात्री. तोपर्यंत उशीर झालेला असतो, कारण पुढचे विमान मिळणार की चुकणार, हे पुष्कळदा तिकीट काढतानाच ठरून गेलेले असते. विमानतळावर धावपळ करून दहा मिनिटे वाचवता येतात; चुकीच्या तिकिटामुळे गेलेले दोन तास मात्र धावून भरून निघत नाहीत.

म्हणून एक सवय आधी लावून घ्यावी. मध्ये किती मिनिटे आहेत हे पाहण्याबरोबरच पहिल्या विमानाच्या दारापासून दुसऱ्या विमानाच्या दारापर्यंत आपल्याला काय काय पार करावे लागणार आहे, याची मोजदाद करावी. पासपोर्ट तपासणी आहे का, सुरक्षा तपासणी पुन्हा होणार का, बॅग ताब्यात घेऊन परत द्यावी लागणार का आणि टर्मिनल बदलावे लागणार का, या चार प्रश्नांची उत्तरे ज्याच्याजवळ आहेत, त्याला पंचेचाळीस मिनिटेही पुरतात. ज्याच्याजवळ नाहीत, त्याचे विमान तीन तास हाताशी असूनही चुकू शकते.

तिकीट काढताना

सगळा प्रवास एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआर क्रमांकावर असावा, हा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. प्रत्येक विमानतळासाठी पुढचे विमान गाठण्यास लागणारा किमान वेळ ठरवून दिलेला असतो आणि त्यापेक्षा कमी वेळाची जोडणी विमान कंपन्या एका तिकिटावर विकत नाहीत. फ्रँकफर्टला लुफ्तान्साच्या बहुतेक जोडण्यांसाठी ही मर्यादा ४५ मिनिटांची आहे, तर व्हिएन्नाला ऑस्ट्रियन एअरलाइन्स २५ मिनिटांची जोडणीसुद्धा विकते, कारण तिथे सारे काही एका छपराखाली आहे. या किमान वेळाचा अर्थ मात्र नीट समजून घ्यायला हवा. तेवढ्या वेळात आपण पोहोचूच, अशी हमी त्यात नसते. पहिले विमान उशिरा पोहोचल्यामुळे पुढचे चुकले, तर दुसऱ्या विमानात जागा देण्याची जबाबदारी कंपनीची राहते, एवढीच ती हमी असते. ही हमी लहान नाही.

पाच-सहा हजार रुपये वाचतात म्हणून मुंबई ते लंडन एका कंपनीचे आणि लंडन ते न्यूयॉर्क दुसऱ्या कंपनीचे, अशी दोन स्वतंत्र तिकिटे काढली की ही हमी संपते. पहिले विमान दोन तास उशिरा आले तरी दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने आपण वेळेवर न आलेले प्रवासी ठरतो आणि तिकिटाचे पैसे बहुधा बुडतात. त्याहून मोठी अडचण सामानाची आणि व्हिसाची आहे. दोन वेगळ्या तिकिटांवर बॅग शेवटपर्यंत पाठवण्यास अनेक कंपन्या नकार देतात. मग ती मधल्या विमानतळावर ताब्यात घ्यावी लागते, त्यासाठी पासपोर्ट तपासणी ओलांडून त्या देशात प्रवेश करावा लागतो आणि भारतीय पासपोर्टधारकाला त्यासाठी बहुतेक ठिकाणी त्या देशाचा व्हिसा लागतो. तो नसेल, तर प्रश्न विमान चुकण्याचा राहतच नाही. मुंबईच्या काउंटरवरच आपल्याला थांबवले जाते. ज्यांना वेगळी तिकिटे काढणे भागच आहे, त्यांनी मध्ये किमान एक रात्र ठेवावी आणि व्हिसाची व्यवस्था आधी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

विमानतळाबाहेर पाऊलही टाकायचे नसले तरी काही देश ट्रान्झिट व्हिसा मागतात, हे पुष्कळांना माहीत नसते. ब्रिटनमधून पुढे जाणाऱ्या भारतीयांना तो लागतो. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा वैध व्हिसा जवळ असलेल्यांना त्यातून सूट मिळते, पण अटी असतात. हे नियम वरचेवर बदलतात, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या नातेवाइकाच्या अनुभवावर न विसंबता संबंधित देशाच्या दूतावासाचे संकेतस्थळ तिकीट काढण्याआधी स्वतः वाचावे.

तिकिटावर आणखी तीन गोष्टी शोधाव्यात. पहिली, विमान प्रत्यक्षात कोणती कंपनी चालवते. तिकिटावर एका कंपनीचा क्रमांक असतो आणि उड्डाण भागीदार कंपनीचे असते, त्यामुळे टर्मिनल बदलू शकते. दुसरी, दोन्ही विमानांची टर्मिनले. दुबईला एमिरेट्सचे विमान टर्मिनल ३ वर उतरते, पण पुढचे उड्डाण फ्लायदुबईचे असेल तर ते अनेकदा टर्मिनल २ वरून सुटते, आणि ते धावपट्टीच्या पलीकडच्या बाजूला असल्यामुळे तिथे बसने जावे लागते. तिसरी गोष्ट म्हणजे विमानतळाचा तीन अक्षरी संकेत. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यामुळे आता 'मुंबई' एवढे वाचून भागत नाही. बीओएम म्हणजे सांताक्रूझ-अंधेरीचा जुना विमानतळ आणि एनएमआय म्हणजे नवी मुंबईचा; यांतला एक उतरण्यासाठी आणि दुसरा पुढे निघण्यासाठी असेल, तर ती जोडणी म्हणजे मध्ये खाडी ओलांडून करायचा रस्त्याचा प्रवास आहे. गोव्याचेही तसेच: जीओआय म्हणजे दाबोळी आणि जीओएक्स म्हणजे मोपा.

पुढचे विमान त्या दिवसातले शेवटचे तर नाही ना, हेही पाहावे. फ्रँकफर्टहून न्यूयॉर्ककडे दिवसाला अनेक उड्डाणे असतात, त्यामुळे एक चुकले तरी काही तासांत दुसरे मिळू शकते. ज्या गावाला दिवसाला एकच विमान जाते, तिथे तासाभराची जोडणी घेणे हा पूर्ण एक दिवस पणाला लावण्याचा प्रकार आहे.

तिकीट काढून झाले की काम संपले, असेही समजू नये. विमान कंपन्यांचे उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सुरू होते. युरोपातली घड्याळे त्याच दिवशी एक तास पुढे-मागे होतात, तर अमेरिकेतली मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. सहा महिने आधी काढलेल्या तिकिटातली दोन तासांची जोडणी या बदलांत पन्नास मिनिटांची होऊन बसते आणि कंपनीचा ई-मेल जाहिरातींच्या गर्दीत हरवतो. म्हणून महिन्यातून एकदा पीएनआर टाकून वेळा तपासाव्यात. बदल कंपनीने केलेला असेल, तर दूरध्वनी करून पुढचे किंवा आधीचे विमान मागावे. अशा वेळी बदल बहुधा विनामूल्य करून मिळतो, पण तो आपणहून मागावा लागतो.

खरी मिनिटे मोजावीत

समजा, विमान सकाळी ६ वाजून १० मिनिटांनी पोहोचणार आहे आणि पुढचे ७ वाजून ४० मिनिटांनी सुटणार आहे. कागदावर नव्वद मिनिटे दिसतात. पण सुटण्याची वेळ म्हणजे विमान जागेवरून हलण्याची वेळ. गेट त्याआधी पंधरा-वीस मिनिटे बंद होते. म्हणजे आपली अंतिम वेळ ७ वाजून २० मिनिटांची झाली. दुसऱ्या बाजूला, दार उघडून अडतिसाव्या रांगेतला प्रवासी बाहेर पडेपर्यंत ६ वाजून ३० मिनिटे होतात, आणि विमान एरोब्रिजला, म्हणजे इमारतीला जोडणाऱ्या पुलाला, न लागता दूर उभे राहिले तर बसची दहा मिनिटे आणखी जातात. उरली चाळीस-पन्नास मिनिटे, आणि त्यातच सुरक्षा तपासणीची रांग आणि दोन गेटांमधले चालणे बसवायचे आहे. अशी मांडणी घरीच कागदावर केली की जोडणी झेपणारी आहे की नाही, हे आपसूक दिसते.

माझ्या मते, तरुण आणि केबिन बॅग घेऊनच फिरणाऱ्या माणसाने आखातमार्गे किंवा युरोपमार्गे पुढे दुसऱ्या खंडात जाताना एका तिकिटावर दीड तासाची जोडणी निःशंकपणे घ्यावी. कुटुंबासह जाणाऱ्यांनी अडीच तासांखाली उतरू नये. अमेरिकेतल्या पहिल्याच विमानतळावर पुढचे विमान असेल, तर तीन तास हा माझा किमान आकडा आहे.

कुठे काय पार करावे लागते

दुबई आणि दोहा यांची रचनाच येऊन पुढे जाणाऱ्या प्रवाशांसाठी झालेली आहे. एका तिकिटावरच्या प्रवाशाला पासपोर्ट तपासणीतून जावे लागत नाही. 'ट्रान्सफर'च्या पाट्यांमागे जायचे, सुरक्षा तपासणी उरकायची आणि गेट गाठायचे. दोह्याच्या हमाद विमानतळावर सगळे एकाच टर्मिनलमध्ये आहे आणि लांबच्या गेटांसाठी इमारतीच्या आतच छोटी रेल्वे धावते.

युरोपात प्रश्न शेंगेनचा येतो. शेंगेन गटात २९ देश आहेत आणि त्यांच्या आपापसांतल्या विमानप्रवासात पासपोर्ट तपासणी नसते. ती गटात पहिल्यांदा शिरताना होते. म्हणून मुंबई–फ्रँकफर्ट–शिकागो आणि मुंबई–फ्रँकफर्ट–पॅरिस या दोन प्रवासांत, मधला वेळ सारखाच असला तरी, मोठा फरक आहे. शिकागोला जाणारा प्रवासी शेंगेनमध्ये शिरतच नाही. भारतातून आल्यामुळे त्याची सुरक्षा तपासणी पुन्हा होते आणि अमेरिकेच्या उड्डाणासाठी कागदपत्रेही पाहिली जातात, पण इमिग्रेशनची रांग त्याच्या वाट्याला येत नाही. पॅरिसला जाणाऱ्याचा प्रवेश मात्र फ्रँकफर्टलाच होतो. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपीय संघाने अल्पकाळासाठी येणाऱ्या परदेशी प्रवाशांच्या बोटांचे ठसे आणि छायाचित्र नोंदवण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू केली आहे, आणि पहिल्यांदा नोंद करताना जास्त वेळ जातो. युरोप सहलीसाठी निघालेल्यांनी म्हणूनच शेंगेनमधल्या पहिल्या विमानतळावर दोन तासांहून कमी वेळ ठेवू नये.

लंडनच्या हीथ्रो विमानतळावर जांभळ्या रंगाच्या पाट्या पुढच्या विमानाकडे नेतात. तिथे टर्मिनलांमध्ये अंतर मोठे आहे, एकातून दुसऱ्यात विमानतळाच्या बसने जावे लागते आणि सुरक्षा तपासणी पुन्हा होते. एअर इंडियाने टर्मिनल २ वर उतरून ब्रिटिश एअरवेजने टर्मिनल ५ वरून निघणाऱ्याने हा सगळा वेळ धरून चालावे.

अमेरिकेची रीत इतरांहून निराळी आहे आणि आपल्याकडच्या प्रवाशांची सर्वाधिक विमाने तिथेच चुकतात, असे माझे निरीक्षण आहे. अमेरिकेच्या विमानतळांवर आंतरराष्ट्रीय ट्रान्झिट कक्ष नसतात. ज्या विमानतळावर प्रथम उतराल, तिथेच इमिग्रेशन, तिथेच बॅग ताब्यात घेणे आणि तिथेच कस्टम्स; मग पुढचा प्रवास अमेरिकेतल्याच कोलंबस शहराचा असो की मेक्सिकोचा. बॅगेवर शेवटच्या शहराचा टॅग असला तरी ती पट्ट्यावरून स्वतः उचलावी लागते, कस्टम्स पार करावे लागते आणि लगेच बाहेर असलेल्या, पुढच्या विमानांचे सामान स्वीकारणाऱ्या पट्ट्यावर ती पुन्हा द्यावी लागते. 'बॅग थेट जाईल' असे मुंबईच्या काउंटरवर ऐकलेले असल्यामुळे ती तशीच सोडून पुढे निघालेले प्रवासी मी पाहिले आहेत. बॅग देऊन झाली की देशांतर्गत प्रवाशांच्या रांगेत उभे राहून सुरक्षा तपासणी पुन्हा करायची असते. शिकागोच्या ओहेअर विमानतळावर परदेशातून येणारी विमाने टर्मिनल ५ वर उतरतात, तर युनायटेडची देशांतर्गत उड्डाणे टर्मिनल १ वरून आणि अमेरिकन एअरलाइन्सची टर्मिनल ३ वरून निघतात. मधले अंतर छोट्या रेल्वेने कापायचे असते. त्यातच दोन-तीन मोठी विमाने एकदम उतरली, तर इमिग्रेशनची रांगच तास-दीड तासाची होते.

हा ताण टाळण्याचे दोन मार्ग आहेत. वारंवार जाणाऱ्यांनी ग्लोबल एंट्री, म्हणजे आधीच पडताळणी झालेल्या प्रवाशांना अमेरिकेच्या इमिग्रेशनमधून लवकर सोडणाऱ्या योजनेचे, सदस्यत्व घ्यावे. भारतीय नागरिकांना ते २०१७ पासून खुले आहे. दुसरा मार्ग अबू धाबीचा. तिथे २०१४ पासून अमेरिकेचे इमिग्रेशन आणि कस्टम्स विमानात बसण्याआधीच उरकले जाते, त्यामुळे अमेरिकेत उतरल्यावर प्रवासी देशांतर्गत प्रवाशासारखा बाहेर पडतो. अर्थात त्याची किंमत अबू धाबीत मोजावी लागते. तिथली जोडणी अडीच-तीन तासांची असावी.

सामान आणि हातातली पिशवी

चेक-इन काउंटरवरून हलण्यापूर्वी बॅगेच्या टॅगवरचा तीन अक्षरी संकेत शेवटच्या शहराचा आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, टॅगच्या पावतीचे छायाचित्र काढावे आणि पुढच्या विमानाचा बोर्डिंग पासही तिथेच मागून घ्यावा. तो मिळाला नाही, तर मधल्या विमानतळावर ट्रान्सफर काउंटर शोधण्यात वेळ जातो.

सुरक्षा तपासणीतला वेळ बहुतांशी आपल्याच पिशवीमुळे जातो. द्रव पदार्थांसाठी १०० मिलिलिटरची मर्यादा बहुतेक विमानतळांवर आजही पाळली जाते, आणि लोणचे, तूप, मध, ओली चटणी हे सगळे तपासणीसाच्या दृष्टीने द्रवच असते. ते चेक-इनच्या बॅगेत घालावे. थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला यांना द्रवाचा नियम लागू नसला, तरी अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांत केबिन बॅगेतल्या ३५० मिलिलिटरहून अधिक भुकटीची वेगळी तपासणी होऊ शकते आणि तपासणीसाचे समाधान झाले नाही तर ती टाकून द्यावी लागते. लेकीसाठी आईने दोन दिवस खपून भाजलेली भाजणी तपासणीच्या टेबलावर सोडून पुढे पळावे लागणे फार जिवाला लागते. म्हणून तीही चेक-इनच्याच बॅगेत जावी, आणि अमेरिकेत उतरल्यावर खाद्यपदार्थ जवळ असल्याचे कस्टम्सला न चुकता सांगावे. मुंबईच्या ड्युटी फ्री दुकानातून घेतलेली बाटली सीलबंद पिशवीत पावतीसह ठेवून शेवटच्या मुक्कामापर्यंत उघडू नये. कमी वेळाची जोडणी असेल तर अशी बाटली घेऊच नये, हे उत्तम.

हातातल्या पिशवीत औषधे, त्यांची डॉक्टरांची चिठ्ठी, चार्जर, एक जोड कपडे आणि सगळी कागदपत्रे असावीत. विमान भरलेले असले की केबिन बॅग दारातच काढून घेऊन सामानकक्षात पाठवली जाते. तेव्हा पासपोर्ट, औषधे आणि पॉवर बँक बाहेर काढून घ्यायला विसरू नये. पॉवर बँक सामानकक्षात ठेवण्यास मनाईच आहे.

मुंबई सोडण्याआधी आणि विमानात

निघण्याच्या दिवशी आपले विमान कुठून येत आहे, ते विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर पाहावे. रात्री उशिरा मुंबईत उतरलेले युरोपीय कंपनीचे विमान दोनएक तासांत प्रवासी घेऊन परत फिरते. ते तिकडून दीड तास उशिरा निघाले असेल, तर आपलेही उशिरा निघणार, हे आपल्याला संध्याकाळीच कळते. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीमार्गे जाणाऱ्यांनी पहाटेच्या धुक्याचाही विचार करावा. पुण्याहून किंवा नागपूरहून सकाळच्या विमानाने दिल्ली गाठून दुपारचे आंतरराष्ट्रीय विमान पकडण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी पोहोचणे बरे. जोडणी हमखास चुकणार, असे मुंबईतच दिसत असेल, तर काउंटरवर तसे सांगून तिथेच तिकीट बदलून मागावे. व्हिसा नसलेल्या देशाच्या विमानतळावर रात्र काढण्यापेक्षा घरी परत जाऊन दुसऱ्या दिवशी निघणे कितीतरी सुखाचे असते.

आसन शक्य तितके पुढचे आणि आयलचे, म्हणजे मधल्या वाटेलगतचे, घ्यावे. या प्रवासात त्यासाठी दिलेले जादा पैसे वाया जात नाहीत. घड्याळ विमानातच मधल्या शहराच्या वेळेवर लावावे, कारण बोर्डिंग पासवरची प्रत्येक वेळ स्थानिक असते आणि फ्लाइट मोडमधला फोन भारताचीच वेळ दाखवत राहतो. उतरण्याच्या तासभर आधी स्वच्छतागृहात जाऊन यावे आणि पुढची वेळ फारच जवळ असेल तर केबिन क्रूला शांतपणे सांगावे. उशीर झालेल्या विमानात ते काही वेळा पुढच्या रांगेत बसवतात किंवा इतरांना थांबण्याची विनंती करतात. गेट क्रमांकही त्यांना ठाऊक असू शकतो.

उतरल्यावर

विमानाच्या दारात पुढच्या उड्डाणाची पाटी घेऊन ग्राउंड स्टाफ उभा असेल, तर त्याच्याचकडे जावे. नसेल, तर पहिल्या फलकावर गेट पाहावे. बोर्डिंग पासवर छापलेले गेट मधल्या आठ तासांत बदललेले असू शकते. फलकावर शहराचे नाव शोधण्यापेक्षा उड्डाण क्रमांक शोधावा, कारण एकाच शहराला तासाभरात दोन विमाने असतात. गर्दी ज्या दिशेने जाते तिकडे जाऊ नये. बहुसंख्य प्रवासी तिथेच उतरणारे असतात. रांग लांब असेल, तर कर्मचाऱ्याला बोर्डिंग पास दाखवून 'माझे विमान चाळीस मिनिटांत आहे' एवढे सांगावे. अनेक विमानतळांवर अशांसाठी वेगळी रांग असते, पण न विचारता ती कोणी दाखवत नाही. आपल्या स्वभावात मध्ये घुसण्याचा संकोच असतो आणि तो योग्यही आहे. विचारून पुढे जाणे म्हणजे घुसणे नव्हे.

आई-वडील एकटे जात असतील तर

नातवंडाच्या जन्माच्या वेळी अमेरिकेला निघालेल्या आजी-आजोबांसाठी मुले हमखास व्हीलचेअर मागतात. चालणे, भाषा आणि पाट्या या तिन्ही अडचणी तीमुळे सुटतात आणि इमिग्रेशनच्या रांगेतही बऱ्याचदा वेगळी सोय होते. मात्र एक गोष्ट मुलांच्या लक्षात येत नाही: व्हीलचेअरच्या प्रवाशांना सर्वांत शेवटी उतरवले जाते, आणि मदतनीस चार-पाच जणांना एकत्र नेण्यासाठी वाट पाहतो. माझ्या आईला एका विमानतळावर असेच पाऊण तास बाकावर बसवून ठेवले होते. गेट तिथून दिसत होते, पण उठून जावे की नाही हे तिला कळेना. म्हणून व्हीलचेअर घ्यायची, तर जोडणी तीन तासांची घ्यावी आणि विनंती किमान ४८ तास आधी नोंदवावी. आई-बाबांच्या खिशात मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद द्यावा: उड्डाण क्रमांक, सुटण्याची स्थानिक वेळ, मुलाचा दूरध्वनी, आणि इंग्रजीत एक वाक्य की पुढचे विमान अमुक वाजता आहे, कृपया गेटपर्यंत पोहोचवा. विमानतळावरच्या वायफायसाठी अनेक ठिकाणी फोनवर संदेश यावा लागतो, म्हणून त्यांच्या फोनवर रोमिंग सुरू करूनच पाठवावे.

परतताना मुंबईत

परतीच्या प्रवासात आपण निर्धास्त असतो आणि तिथेच फसतो. परदेशातून मुंबईला उतरून नागपूर, गोवा किंवा छत्रपती संभाजीनगरला जायचे असेल, तर इमिग्रेशन मुंबईत होते, आणि बॅगही सर्वसाधारणपणे मुंबईतच घेऊन कस्टम्समधून न्यावी लागते व पुन्हा द्यावी लागते. आंतरराष्ट्रीय विमाने टर्मिनल २ वर उतरतात. देशांतर्गत विमान टर्मिनल १ वरून असेल, तर बाहेर पडून रस्त्याने काही किलोमीटर जावे लागते आणि पावसाळ्यात किंवा संध्याकाळी त्याला किती वेळ लागेल, हे सांगता येत नाही. बहुतेक कंपन्या देशांतर्गत उड्डाणाच्या सुमारे तासभर आधी सामान घेणे बंद करतात. हे सगळे धरून एकाच टर्मिनलसाठी तीन आणि टर्मिनल बदलणार असल्यास चार तास ठेवावेत. भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डधारकांसाठी (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठी) केंद्र सरकारने जून २०२४ मध्ये दिल्लीत आणि पुढे मुंबईसह इतर विमानतळांवर जलद इमिग्रेशनची योजना सुरू केली आहे. ऑनलाइन अर्ज करून एकदा बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवला की स्वयंचलित फाटकातून जाता येते. वर्षातून एकदाही परदेशी जाणाऱ्याने ही नोंदणी करून ठेवावी.

विमान चुकलेच तर

गेट बंद झालेले दिसले तर वाद घालण्यात वेळ घालवू नये. आधी कंपनीचे ॲप उघडावे. एका तिकिटावरच्या प्रवाशाला पुष्कळदा आपोआप पुढच्या विमानात जागा दिलेली असते. तसे नसेल, तर ट्रान्सफर काउंटरच्या रांगेत उभे राहावे आणि त्याच वेळी कंपनीच्या क्रमांकावर दूरध्वनी लावावा; मुंबईच्या किंवा पुण्याच्या घरच्या माणसालाही लावायला सांगावे. जे आधी लागेल ते. काउंटरवर 'काहीतरी करा' असे म्हणण्याऐवजी अमुक शहरावरून जाणारे अमुक विमान द्या, अशी नेमकी मागणी केली की काम लवकर होते.

स्वतःच्या पैशाने नवे तिकीट काढून पुढे निघण्याचा मोह आवरावा. कंपनीला न कळवता प्रवासाचा एक टप्पा सोडला, तर उरलेले सगळे टप्पे, परतीच्या विमानासह, रद्द होऊ शकतात. रात्र काढावी लागणार असेल तर जेवणाचे कूपन आणि हॉटेल मागावे, पण हॉटेल विमानतळाबाहेर असेल आणि आपल्याजवळ त्या देशाचा व्हिसा नसेल, तर विमानतळाच्या आतल्या ट्रान्झिट हॉटेलची किंवा त्याच रात्री दुसऱ्या मार्गाने निघण्याची मागणी करावी. उशिराचे कारण लेखी मागून घ्यावे आणि खर्चाच्या पावत्या जपाव्यात. मुंबईहून युरोपीय संघातल्या कंपनीच्या विमानांनी एकाच तिकिटावर युरोपीय संघातल्या शहरी जाताना अंतिम मुक्कामी तीन तासांहून जास्त उशीर झाला आणि कारण कंपनीच्या हाताबाहेरचे नसले, तर संघाच्या २६१/२००४ या नियमानुसार ६०० युरोपर्यंत भरपाई मागता येते.

नवे तिकीट हाती आले की बॅगेच्या टॅगची पावती दाखवून सामान नव्या विमानाला जोडले गेले का, ते विचारावे. तरीही मुक्कामी बॅग आली नाही, तर विमानतळ सोडण्यापूर्वीच सामान विभागात तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. भारतानेही स्वीकारलेल्या माँट्रियल करारानुसार बॅगेचे नुकसान झाल्यास ती मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि ती उशिरा मिळाल्यास मिळाल्याच्या दिवसापासून २१ दिवसांत कंपनीकडे लेखी दावा करावा लागतो. दरम्यान घेतलेल्या कपड्यांच्या आणि औषधांच्या पावत्या त्या दाव्याला जोडाव्यात.